भाणवशीचे दगड

आपल्याकडील जुन्या स्वयंपाकघरांत दोन प्रकारचे दगड शेजारी शेजारी नांदत असत. एक काळा, पाट्या-वरवंट्याचा आणि जात्याचा. दुसरा राखी-निळसर, चुलीमागे भाणवशीला बसविलेला. पहिल्यावर रोज चिंच वाटली जाई, कैरी ठेचली जाई, आमसुलाची चटणी होई. त्याला काही होत नसे. दुसऱ्यावर लिंबाची पिळलेली फोड रात्रभर राहिली, तर सकाळी तेथे पांढरट, हाताला खरखरीत लागणारा डाग उमटलेला असे आणि तो पुढे घरातल्या दोन पिढ्या पाहत. एकाच स्वयंपाकघरातील, एकाच बाईच्या हाताखालील हे दोन दगड. पण त्यांचे स्वभाव निराळे. ज्या घरात हा फरक ठाऊक होता तेथील भाणवस साठ-सत्तर वर्षे टिकली. जेथे तो विसरला गेला तेथे ती एका दुपारीत गेली.

भाणवस हा शब्द आजच्या तरुण वाचकांना कदाचित समजावून सांगावा लागेल. चुलीच्या मागे आणि बाजूंना भिंतीलगत जो बुटका कट्टा असे, ज्यावर उतरविलेले भांडे टेकवायचे, दुधाचे पातेले उबेला ठेवायचे, फुंकणी आणि काड्यापेटी हाताशी ठेवायची, ती भाणवस. बहुतेक घरी ती मातीची असे आणि चुलीबरोबरच सारवली जाई. ज्यांना थोडी ऐपत होती त्यांनी तिच्यावर आणि तिच्यामागील भिंतीवर शहाबादी फरशी बसवून घेतली. युरोपातील घरांत शेकोटीच्या कोनाड्याभोवती दगडी चौकट असते; आपली भाणवस ही तिचीच कष्टकरी बहीण म्हणावी. चौकटीचे काम शोभेचे, भाणवशीचे काम दिवसातून दोन वेळच्या स्वयंपाकाचे. धूर, ऊब आणि काजळी मात्र दोघींच्याही वाट्याला सारखीच.

शहाबाद हे गाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. पण त्याचे नाव आपल्या सर्वांच्या पायांखाली आहे. सोलापूरहून रेल्वेने मद्रासच्या दिशेला निघाले, की कलबुर्गीच्या पुढे आणि वाडी जंक्शनच्या अलीकडे हे स्थानक लागते. भीमेच्या खोऱ्यातील हा प्रदेश चुनखडकाचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी तेथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी थरावर थर बसत गेले आणि त्यांचा दगड झाला. आपल्या बेळगाव-निपाणीकडचा काळा पाषाण लाव्हारसाचा. तो त्याच्या पुष्कळ नंतरचा. चुनखडकाचे थर सपाट आणि बहुधा सारख्या जाडीचे असल्यामुळे पहार आणि छिन्नी लावून त्याच्या लाद्या जवळजवळ तयारच निघतात. म्हणून तो स्वस्त पडला आणि रेल्वेमुळे दूरवर गेला. आपल्या काळ्या कडाप्प्याचेही तसेच. तोही आंध्रातील आपल्या गावाचे नाव घेऊन आलेला चुनखडकच आहे.

आमच्या निपाणीच्या घरात ही फरशी बसली तेव्हा निपाणी मुंबई इलाख्यात होती आणि शहाबाद निजामाच्या राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा व गुलबर्गा जिल्हा दोन्ही त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आले. माझे सासरे हे सांगताना हसून म्हणत, "दगड आधीच येऊन बसला होता, राज्य मागाहून आले." त्या वाक्यातील हसू किती आणि दुःख किती, हे सीमाभागातील वाचकांना निराळे सांगावयास नको.

मी १९७१ साली लग्न होऊन त्या घरात आले. सासूबाईंना आम्ही सुना आत्याबाई म्हणत असू. त्यांच्या स्वयंपाकघरातील चूल मातीची आणि तिच्या बाजूची वैलही मातीची होती. मागे मात्र दोन फूट लांबीरुंदीच्या पाच फरश्या, तीन भाणवशीवर आडव्या आणि दोन भिंतीला उभ्या. मी एकदा विचारले, की एवढी फरशी आणलीच होती तर चूलही दगडाचीच का केली नाही? वर्षातून किती वेळा माती कालवायची, किती वेळा लिंपायची! आत्याबाई म्हणाल्या, "अगं, हा दगड जाळात घातला की त्याचा चुना होतो. शेकायला चालतो, जळायला नाही." त्यांनी रसायनशास्त्र वाचलेले नव्हते, पण गावाबाहेर चुन्याची भट्टी पाहिलेली होती. चुनखडक सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापविला की त्यातील कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. चुलीची आच मागच्या दगडाला तेवढी लागत नाही हे खरे. तरी ज्वाळा सतत एकाच जागी चाटत राहिल्या, तर दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. म्हणून जाळ झेलायचा मातीने, ऊब झेलायची दगडाने. माती दरवर्षी नवी लिंपता येते. दगड नवा करता येत नाही.

त्यांच्या साफसफाईला एक क्रम होता आणि त्यात घाईला जागा नव्हती. रात्री चूल विझल्यावर भाणवशीला पाणी लागत नसे. दगड तापलेला असताना त्यावर गार पाणी पडले तर बारीक तडे जातात. म्हणून धुणे सकाळी, चूल पेटविण्यापूर्वी. तेही आधी कोरडे. घायपाताचा मऊ झालेला कुंचा घेऊन त्या उभ्या फरश्यांवरील काजळी वरून खाली हलकेच झाडीत. काजळी म्हणजे अगदी बारीक कोळसा आणि लाकडाचा चिकट अंश. कोरडी असताना ती दगडावर नुसती बसलेली असते. पाणी लागताच तिची शाई होते आणि ती दगडाच्या छिद्रांत उतरते. आधी पोतेरे मारून मग घासत बसणाऱ्या बायका जन्मभर काळ्या भिंतीशी झगडल्या, त्याचे कारण एवढेच. कोरडी झाडून झाल्यावर ओल्या फडक्याची पाळी. आणि ते मात्र खालून वर. वरून सुरुवात केली तर काळे ओघळ खालच्या कोरड्या दगडावर उतरतात आणि त्यांच्या रेघा राहतात.

तुपातेलाचा हात लागून चिकट झालेल्या जागेसाठी राख; परंतु ती वस्त्रगाळ. लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो. तो तेलकटपणाशी मिळून साबणासारखे काम करतो आणि चुनखडकाला अपाय करीत नाही. अपाय करतात ते राखेतील खडे. चुनखडकाचा मुख्य घटक कॅल्साइट. खनिजांच्या काठिण्याच्या दहा पायऱ्यांच्या मापात तो तिसऱ्या पायरीवर आहे, आणि वाळूचा कण सातव्या. म्हणजे वाळूने घासलेली फरशी उजळत नाही, ओरखडते. आणि त्या ओरखड्यांत पुढची काजळी अधिकच घट्ट बसते. आत्याबाईंचे राख गाळायचे एक जुने धोतराचे फडके होते आणि त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावलेला त्यांना खपत नसे. राखेने पुसल्यावर स्वच्छ पाण्याचे दोन हात. नाहीतर क्षार दगडात राहून पावसाळ्यानंतर भिंतीला लोणा यावा तसा पांढरा फुलोरा बाहेर येतो.

हळदीच्या डागाकडे त्या लक्ष देत नसत. खिडकीतून ऊन येणाऱ्या फरशीवरचा पिवळा डाग आठ-पंधरा दिवसांत आपोआप फिका पडे. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, हे त्यांना वाळत घातलेल्या लुगड्यांवरून माहीत होते. लोखंडी तवा किंवा विळी ओली ठेवणे मात्र निषिद्ध. गंजाचा डाग काढणारी बहुतेक औषधे आंबट जातीची, आणि आंबट तर या दगडाचे वैरी. तेल लावून फरशी चमकविण्याची पद्धत तेव्हाही होती. शेजारच्या घरी कडाप्प्याला खोबरेल चोळीत आणि तो आरशासारखा दिसे. आत्याबाईंना ते पसंत नव्हते. तेल दगडात मुरते, त्यावर धूर चिकटतो आणि वर्षभरात चमक जाऊन नुसता मेणचट काळपटपणा उरतो, असे त्या म्हणत. आणि शेजारच्या घरी नेमके तसेच झाले.

पावसाळा हा सर्वांत कठीण काळ. आपल्याकडे जूनपासून जी झड लागते तिच्यात जळण कितीही झाकले तरी सर्द होते, आणि ओले लाकूड जळत नाही, धुमसते. त्याचा धूर अधिक आणि काजळी अधिक चिकट. त्यामुळे भाणवशीची खरी निगा आषाढात नव्हे, चैत्रातच सुरू होई. पुढच्या चार महिन्यांची लाकडे फोडून, वाळवून माळ्यावर चढली म्हणजे निम्मे काम झाले, असा त्यांचा हिशेब होता.

१९७९ साली धाकट्या दिरांचे लग्न ठरले आणि घराला रंग द्यायला माणसे आली. आम्ही बायका मुलीकडच्या घरी बोलणी करायला गेलो होतो. रंगाऱ्याने भलेपणाने विचार केला, की एवढी काळी भिंत लग्नघरात बरी दिसणार नाही. आणि न्हाणीघराची फरशी धुण्याचे अ‍ॅसिड त्याने भाणवशीवर ओतले. फेस आला. फेस पाहून त्याला वाटले मळ निघतो आहे, म्हणून त्याने आणखी ओतले. वस्तुतः तो फेस मळाचा नव्हता. खुद्द दगडाचा होता. त्या अ‍ॅसिडने चुनखडकातील कॅल्शियम कार्बोनेट विरघळते आणि कर्बवायूचे बुडबुडे निघतात. काजळीचा कोळसा अ‍ॅसिडला दाद देत नाही. तिच्या खालचा दगडच जातो आणि त्याच्याबरोबर काजळी वाहून जाते. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा मधली फरशी पांढरीफटक पडली होती. आत्याबाईंनी तिच्यावरून तळहात फिरविला आणि त्या काही बोलल्या नाहीत. रंगाऱ्याला त्यांनी जेवायला वाढले.

दुसऱ्या दिवशी एका वृद्ध गवंड्याला बोलावणे गेले. त्याने आधी भरपूर पाण्याने ती जागा पुन्हा पुन्हा धुवून काढली. मग धार लावण्याचा गुळगुळीत दगड पाण्यात बुडवून गोल गोल घासायला सुरुवात केली. आधी जरा भरड, मग बारीक, मग त्याहून बारीक. तीन दिवस हे काम चालले. जाताना तो म्हणाला, "आक्का, गेल्याली कातडी परत येत न्हाई. नवी कातडी वर आणलीया. आता आंबट काय बी लावू नगा." फरशी पुन्हा राखी दिसू लागली, पण तिच्या मध्यावर तळहाताला जाणवेल अशी उथळ खळगी कायमची राहिली. पुढे त्या खळगीत पाण्याचा थेंब थबकलेला दिसला, की मला तो फेस आठवे.

मुरलेल्या तेलकट डागासाठी तो गवंडी एक उपाय सांगून गेला होता, तोही येथे नोंदवून ठेवते. मुलतानी माती पाण्यात सरबरीत कालवून डागावर बोटभर जाडीचा थर द्यायचा, ओल्या फडक्याने एक दिवस झाकायचा आणि मग उघडून पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना माती दगडातील ओल ओढून घेते आणि ओलीबरोबर डागही वर येतो. एकदा नाही निघाला तर दोनदा, तीनदा. पुढे वाचनात आले, की आग्र्याच्या ताजमहालाचा पिवळा पडलेला संगमरवर उजळण्यासाठी पुरातत्त्व खाते हाच मुलतानी मातीचा लेप वापरते. संगमरवर म्हणजे तरी काय, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने आणि दाबाने रूपांतर पावलेला चुनखडकच. निपाणीच्या भाणवशीला आणि ताजमहालाला एकच औषध लागू पडते याचे मला फार समाधान वाटले.

गेल्या वर्षी याच ज्ञानाचा निराळाच उपयोग झाला. माझी भाची इंग्लंडात बाथ शहराजवळ राहते. तो सारा भाग तेथल्याच मधाळ रंगाच्या चुनखडकाने बांधलेला आहे आणि तिच्या जुन्या घरातील शेकोटीची चौकटही त्याच दगडाची. तिने फोनवर फोटो पाठवून विचारले, "मावशी, काजळी काढायला व्हिनेगर चांगले असे वाचले. लावू का?" मी तिला लगेच फोन केला. व्हिनेगर म्हणजे आपल्या चिंचेचा विलायती भाऊ. तिला सांगितले, की आधी मऊ ब्रशने कोरडे झाड; मग कोमट पाण्यात सौम्य, आम्ल नसलेल्या द्रवसाबणाचे चार थेंब घालून खालून वर पूस; स्वच्छ पाण्याने पुन्हा पूस आणि कोरडे कर. शेकोटी विझून दगड पूर्ण गार झाल्याखेरीज हात लावू नकोस. उरलेल्या डागाला मातीचा लेप दे. पंधरा दिवसांनी तिचा फोटो आला. चौकट नवी दिसत नव्हती. स्वच्छ दिसत होती. या दोहोंतील अंतर तिला समजले, हे पाहून बरे वाटले.

निपाणीच्या घराची वाटणी २०१६ साली झाली. तंटा काही नव्हता. पण स्वयंपाकघर धाकट्या दिरांच्या वाट्याला गेले आणि त्यांना तेथे ग्रॅनाइटचा ओटा करायचा होता. आम्हाला गॅस १९८४ मध्येच मिळाला होता, तरी भाकरी चुलीवरच होत. आता ती चूलही निघणार होती. आत्याबाई तेव्हा हयात नव्हत्या. दीर म्हणाले, "वहिनी, त्या फरश्या तुम्हांला हव्या असतील तर घेऊन जा. नाहीतर गवंडी फोडून भरावात टाकील." वाटणीच्या कागदात घराच्या, शेताच्या, भांड्याकुंड्यांच्या नोंदी होत्या, भाणवशीची नव्हती. एकेक फरशी सुमारे ३५ ते ४० किलो वजनाची. मुलाला वाटले, आई हे ओझे कशाला वाहते आहे. तसे बोलला मात्र नाही.

काढायला बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. चार फरश्या मूळच्या चुन्यात बसविलेल्या होत्या. गवंड्याने सांध्यांतला चुना पातळ पट्टीने खरवडला, खाली पहार सरकविली आणि त्या अखंड उचलून आल्या. ज्या दिवशी बसविल्या असतील त्या दिवसासारख्या. पाचवी, कोपऱ्यातील, १९८८ साली सैल झाली म्हणून सिमेंटने पुन्हा बसविलेली. ती मात्र सुटेना. सिमेंट दगडाहून घट्ट. शेवटी दगडच फुटला, तीन तुकड्यांत. चुना मुळात या दगडाच्याच कुळातला आणि त्याहून मऊ. भार आला, ऊब आली, घर थोडे खचले तर तडा सांध्यात जातो, दगडात नाही. जुने लोक सांधा कच्चा का ठेवीत, हे मला त्या दिवशी उमगले. उचलून न्यावे लागेल, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण ज्याला कधीतरी हलावे लागेल त्याने कसे बांधावे, हे ठाऊक होते. ज्यांच्या पूर्वजांनी घाटावरून, कोकणातून, देशावरून येऊन या मुलखात घरे केली, त्या आपण मंडळींना यात नवल वाटू नये.

बेळगावात टिळकवाडीतील आमच्या घरामागे परसात न्हाणीच्या पाण्याची चूल आहे. तिच्यामागे त्या चार फरश्या आम्ही पुन्हा चुन्यातच बसविल्या. चुन्यात काम करणारा माणूस शोधायला दोन महिने लागले. बसविण्यापूर्वी त्या धुतल्या, तेव्हा उभ्या फरश्यांवर, नेमके चुलीच्या आणि वैलीच्या मागे, दोन कमानीसारख्या धुरकट सावल्या दिसल्या. सून म्हणाली, "आई, मातीचा लेप देऊन या काढूया का?" आम्ही दोघींनी मिळून तीनदा सौम्य साबणाने पुसले. जे निघायचे होते ते निघाले आणि सावल्या तेवढ्या राहिल्या. लेप दिला असता तर कदाचित त्याही गेल्या असत्या. परंतु त्या मळाच्या नव्हत्या. त्यांनी दगडाला अपाय होत नव्हता, हाताला काळे लागत नव्हते, आणि चूल कोठे होती ते त्यांनीच सांगितले असते. आम्ही लेप दिला नाही. निगा राखणे म्हणजे वस्तू कोरी करणे नव्हे, एवढे तरी मला त्या स्वयंपाकघराने शिकविले आहे.

आता सून नोकरी सांभाळून रविवारी भाणवस पाहते. तिची पद्धत थोडी निराळी; राख गाळण्याऐवजी द्रवसाबण, कुंच्याऐवजी मऊ ब्रश. कोरडे आधी, ओले नंतर, आंबट कधीच नाही, ही तीन सूत्रे मात्र तीच. तिच्या आग्रहावरून हे सारे लिहून काढले. आपल्यापैकी पुष्कळांच्या जुन्या घरांत अशा फरश्या अजून असतील. काहींवर रंगाचे थर असतील, काहींवर पाण्याच्या टाक्या ठेवलेल्या असतील. त्या काढायच्या ठरल्याच, तर सांधा चुन्याचा की सिमेंटचा, ते आधी पाहावे.

फुटलेली पाचवी फरशी मी टाकली नाही. तिचे तीन तुकडे परसात तुळशीच्या मागे उभे केले आहेत. बाजारात साफसफाईचे नवे औषध आले आणि सुनेला ते करून पाहावेसे वाटले, की त्याचे दोन थेंब आधी त्या तुकड्यावर टाकून आम्ही रात्रभर वाट पाहतो. सकाळी दगड जसाच्या तसा असला, तरच ती बाटली भाणवशीजवळ जाते.